गोफणीची वीण

जुन्या ट्रकच्या पाट्यातून घडवलेल्या कोयत्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते वाचून आमच्या आज्जाची गोफण आठवली.

मंगळवेढ्याकडं आमचं काळं रान, दरसाल मालदांडी ज्वारी. कणसं हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरायचे, मग ती हाकायला दिवसभर रानातल्या उंच माळ्यावर उभं राहायचं. गोफण विकत कुणीच आणत नसे. आज्जा अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, मांडीवर वळायचा, मधे तळहाताएवढी घट्ट वीण घालायचा, तिथं खडा बसतो. एका टोकाला बोट अडकवायला फासा, दुसरं टोक फेकताना सोडायचं. त्या सुट्या टोकाला सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यातून आणलेल्या टाकाऊ सुताचा गोंडा. नीट सुटली की फाडकन आवाज निघायचा आणि निम्मी पाखरं त्यानंच उठायची. खडे म्हणजे तरी काय, चिखलाचे गोळे करून उन्हात वाळवलेले. त्या रानात दगड शोधून सापडत नाही!

ती गोफण अजून माझ्याकडं आहे, पण वीण एका बाजूनं उसवलीय. वाख वळता येणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगा. मला स्वतःच्या हातानं ती सांधायचीय.