ब्रँडिसने जंगल वाचवलं की लोकांकडून काढून घेतलं?

कातळफूल

डायट्रिश ब्रँडिसबद्दल बोलणारे लोक थेट दोन टोकांना असतात. वनखात्यातल्यांसाठी तो उष्ण प्रदेशातल्या वनशास्त्राचा जनक, आणि वनहक्कांवर काम करणाऱ्यांसाठी जंगल सरकारजमा करणारा पहिला साहेब. मला हे दुसरं मत अर्धवट वाटतं, का ते सविस्तर लिहिते, मग खुशाल भांडा.

माणूस जर्मन, बॉनचा, जन्म १८२४. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, हा स्वतः वनस्पतीशास्त्र शिकवायचा. लग्न झालं सेरामपूरच्या मार्शमन मिशनऱ्याच्या मुलीशी, तिच्या बहिणीचा नवरा म्हणजे जनरल हॅवलॉक, आणि त्या ओळखीतून नाव गेलं डलहौसीकडे. १८५६ ला त्याला ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या जंगलांवर नेमलं. तिथली परिस्थिती काय होती बघा, शेजारचा तेनासेरीम इंग्रजांनी १८२६ ला घेतला आणि मोलमीनच्या लाकूड व्यापाऱ्यांनी तिथला साग काही दशकांत धुऊन नेला, कुणी विचारणारं नव्हतं. पेगू १८५२ ला हातात आलं आणि त्याचंही तेच होणार होतं.

ब्रँडिसने आधी काय केलं तर मोजलं. हत्तीवर बसून एका रेषेत रान कापत जायचं, डाव्या हातात बांबूच्या कांब्या, घेराच्या प्रत्येक वर्गाला एक, उजव्या हातात चाकू, साग दिसला की त्या वर्गाच्या कांबीवर खाच. सहा फुटांच्या वर घेर असेल तर पहिला वर्ग. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्यात यायला त्याच्या अंदाजाने २४ वर्षं लागतात, म्हणजे पहिल्या वर्गातली झाडं वर्षाला चोविसावा हिस्सा एवढीच घ्यायची, त्याच्या वर नाही. एवढ्या मोठ्या उष्णकटिबंधीय जंगलात किती तोडायचं हे किती वाढतंय यावरून ठरवणं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! व्यापाऱ्यांनी जोरदार विरोध केला, हा हटला नाही.

पुढे १८६४ ला हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स, १८८३ पर्यंत. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे, १८७८ मध्येच डेहराडूनची वनशाळा, सगळं त्याच्या काळातलं. निवृत्तीनंतर भारतातल्या झाडांवरचा मोठा ग्रंथ लिहिला, तो १९०६ ला आला आणि पुढच्या वर्षी हा गेला. अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो पण त्याच्याच तालमीतला.

माझं म्हणणं एवढंच की हा माणूस नसता तर भांडायला जंगलच उरलं नसतं.

आडरान

लेख छान, पण शेवटचं वाक्य अजिबात मान्य नाही. जंगल उरलं नसतं ते कुणामुळे? गावकऱ्यांमुळे? तेनासेरीम कुणी तोडला ते तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे रेल्वे आली तेव्हा एका मैलाला साधारण १७६० ते २००० स्लीपर लागायचे, ते कुठल्या गावाने मागितले होते? आधी साम्राज्याने तोडायचं, मग टंचाई झाली की साम्राज्यानेच रक्षक म्हणून उभं राहायचं आणि कुंपण घालायचं ते ज्याने तोडलंच नाही त्याच्याभोवती. ब्रँडिस चांगला होता की वाईट यात मला रस नाही. त्याची नेमणूक ज्या कामासाठी झाली ते काम म्हणजे सागाचा पुरवठा कायम चालू ठेवणं.

आणि याचा परिणाम काय झाला ते बघायला परदेशी संशोधक वाचायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ ला 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहून ठेवलंय, की सगळे डोंगर टेकड्या दऱ्या, पडीक जमिनी आणि गायरानं सुद्धा या जंगल खात्यात घातली आणि गोरगरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना पाय ठेवायला जागा ठेवली नाही. कायदा होऊन पाच वर्षं झाली होती फक्त. आणि हा माणूस तेव्हा प्रमुख होता.

निर्गुडी

एक दुरुस्ती. 'जनक' वगैरे म्हणताना मुंबई इलाख्याला विसरू नका. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ ला इथला जंगलांचा कंझर्वेटर झाला, ब्रँडिस पेगूला पोचायच्या नऊ वर्षं आधी. जुन्नरजवळ हिवरे आणि पुण्याला दापोडी इथल्या सरकारी बागा त्याच्याकडे होत्या. कोकणात झाडं तोडल्यावर झरे आटतात हे त्याने त्याच काळात सरकारला लिहून कळवलं होतं. ब्रँडिसने सगळ्याची एक देशव्यापी रचना केली हे खरं, पण कल्पना त्याच्याआधीपासून इथे होत्या.

रेंजवाला

मी निवृत्त रेंजर आहे त्यामुळे माझी बाजू कुठली ते उघड आहे. पण आडरान, तुम्ही जंगल म्हणजे सगळं एकच धरताय. सागाला ऊन लागतं, दाट सावलीत त्याचं रोप वर येत नाही, वणवा लागला की कोवळी रोपं जळतात, गुरं सुटली की फुटवे खातात. एखादी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडल्यावर तिथे परत रान यायचं असेल तर काही वर्षं ती बंदच ठेवावी लागते, मग ती साहेबाने बंद ठेवली काय आणि ग्रामसभेने काय. ब्रह्मदेशात सागाच्या खोडाभोवती गोल खाच पाडून झाड दोन तीन वर्षं उभंच वाळवायचे, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि वाहतूक तर नदीतूनच, म्हणजे आज खाच पाडलेलं झाड नदीला लागायला वर्षं जातात. असल्या कामात कुठेतरी एका जागी वही असावी लागते आणि ती वही ब्रँडिसने सुरू केली. आलापल्लीचा जुना साग आज बघायला मिळतो तो अशा वह्यांमुळे.

आडरान

वही ठेवा की. वहीबरोबर मालकी का घेतली?

कातळफूल

निर्गुडी, गिब्सनचा मुद्दा मान्य आहे, तो लेखात हवा होता.

आडरान, मालकीचाच प्रश्न तर मला काढायचा होता. १८७८ चा कायदा एकट्या ब्रँडिसच्या मनासारखा झालेला नाही. त्याआधी अलाहाबादला १८७४ ला वनाधिकाऱ्यांची परिषद झाली तिथून वाद चालू होता. एका बाजूला बेडन-पॉवेल नावाचा अधिकारी, त्याचं म्हणणं असं की राजाने लेखी दिलं असेल तेवढाच हक्क, बाकी लोक पिढ्यान् पिढ्या वापरत असले तरी ती नुसती मेहेरबानी, सरकारने कधीही काढून घ्यावी. दुसऱ्या टोकाला मद्रासचे अधिकारी, ते म्हणत होते की गावाचं जंगल हे गावाचंच आहे आणि सरकारचा त्यावर दावाच नाही. ब्रँडिस मध्ये होता. मोक्याची, मौल्यवान जंगलं सरकारकडे, तीही लोकांचे हक्क नीट नोंदवून, आणि बाकीच्या ठिकाणी गावांची स्वतःची वनं, कारण युरोपात गावांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेली जंगलं त्याला चांगली माहीत होती. कायद्यात 'ग्रामवन' हे प्रकरण आहे ना, तो विचार त्याचाच. वाद तो हरला. हरलेल्या माणसाच्या डोक्यावर जिंकलेल्याचं पाप का घालता?

आडरान

कारण हरल्यावर तो पाच वर्षं त्याच खुर्चीवर बसून तोच कायदा राबवत होता! आणि १८८१-८२ ला स्वतः मद्रासला गेला, तिथले लोक १८७८ चा कायदा घ्यायला तयार नव्हते, त्यानंतर १८८२ ला मद्रासचा वेगळा वनकायदा झाला. म्हणजे जिथे गावाच्या बाजूने बोलणारे सरकारी लोक होते तिथेही खात्याचा पाय रोवायला हाच गेला.

आणि असं समजू नका की तेव्हा दुसरा पर्याय कुणी सुचवलाच नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ मध्येच अर्ज केला होता, की रान राखायचंय तर गावकऱ्यांना विश्वासात घ्या, जी गावं झाडं राखतील त्यांना बक्षीस द्या, सक्तीपेक्षा हे स्वस्तात होईल. दुष्काळात होरपळलेला दख्खन होता तो, १८७६ ते ७८ चा, लोक पाला खाऊन जगत होते आणि त्याच वेळी गायरानं रिझर्वमध्ये, म्हणजे सरकारच्या राखीव जंगलात, जात होती. हे आठवलं की मला आजही राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

घाटवाट

आमचं गाव ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघर, म्हणून राबाबद्दल लिहितो, कारण या वादात कोकण नेहमी सुटतं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, गवत, शेण पसरून भाजायचं, तो राब. जमीन मोकळी होते, तण मरतं, राख मिळते. टहाळ आणायचा कुठून तर वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या, जमिनीवरून आणि शेजारच्या रानातून. खात्याने ती फांदी तोडणं बंद केलं आणि शेतकरी सरळ गुन्हेगार झाला. एवढा आरडाओरडा झाला की सरकारला १८८५ ला आयोग बसवावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा आहे, मुंबई वन आयोग म्हणून. राब हा त्यातला मोठा मुद्दा. आता मला सांगा, हत्तीवरून सागाचा घेर मोजणाऱ्या पद्धतीत राबाचा टहाळ कुठल्या कांबीवर मोजायचा? ज्याची मोजणीच नाही त्याची गरज पण नाही असं खात्याने धरून चाललं, आणि माझ्या मते ब्रँडिसच्या शास्त्राची खरी मर्यादा इथे आहे. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्याला जंगलात दिसत होतं ते लाकूड, आणि आमच्या आजोबा-पणजोबांना पाला, गवत, मोहाची फुलं, करवंदं, औषधं आणि देव.

निर्गुडी

घाटवाट, मुद्दा जबरदस्त आहे पण 'देव' म्हणालात तिथे थांबा जरा. ब्रँडिसने देवरायांची दखल घेतली होती. कुर्गच्या देवरकाडूंबद्दल त्याने आदराने लिहिलंय, लोकांनी स्वतः राखलेली जुनी वनं असतात हे त्याने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचं काम केलं ते १९७० च्या दशकात, म्हणजे कितीतरी दशकांनी. त्यामुळे त्याला फक्त लाकूड दिसायचं हे बरोबर नाही. त्याला दिसत होतं, खात्याने त्यातलं घेतलं नाही.

मोहफूल

मी गडचिरोलीची. सगळ्यांचं वाचलं. कुणी टाँग्याबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते.

ब्रँडिसच्या कामातली सगळ्यात गाजलेली गोष्ट ती आहे. ब्रह्मदेशात करेन लोक डोंगरात रान तोडून, जाळून भात पेरायचे आणि दोन-एक वर्षांनी पुढे सरकायचे. आधी साहेब लोकांना ही शेती म्हणजे जंगलाचा नाश वाटायची. मग ब्रँडिसने तिचाच उपयोग करून घेतला, भाताबरोबर सागाची रोपं लावा, तण तुम्ही काढालच, पीक तुमचं, आणि तुम्ही पुढे गेलात की मागे सरकारी सागाचं बन तयार. वनशास्त्रात याचं फार कौतुक होतं, जगभर नक्कल झाली. पण करेन माणसाच्या बाजूने बघा की. दहा-पंधरा वर्षांनी तो परत त्या जागेवर यायचा, कारण तोपर्यंत रान वाढून माती सुधारलेली असायची. आता तिथे साग उभा आणि साग सरकारचा. स्वतःच्या हाताने स्वतःची जमीन त्याने लावून दिली!

मिश्र रान काढून साग लावतात तेव्हा आमच्याकडे काय होतं ते मी पाहिलंय. मोह जातो, तेंदू जातो, चारोळीचं झाड जातं, सागाखाली बाईमाणसाला वेचायला काय मिळतं? तेव्हा 'भांडायला जंगल उरलं' हे वाक्य मला लागलं. सागाचं बन उरलं असं म्हणा.

रेंजवाला

ताई, मिश्र रान तोडून एकजात साग लावणं मलाही पटत नव्हतं आणि नोकरीत असताना तसं लेखी दिलंय. पण ते ब्रँडिसच्या नावावर टाकू नका, पेगूत त्याने निवडक तोड केली, उभं जंगल साफ नाही केलं. टाँग्याचं तुम्ही म्हणता ते मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कातळफूल

मोहफूल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टाँग्याबद्दल मी पूर्ण सहमत आहे, ते काम मी त्याच्या जमेच्या बाजूला कधीच धरणार नाही.

पण ग्रामवनांचा मुद्दा मी सोडत नाही. १८७८ ला कायद्यात प्रकरण आलं, १९२७ च्या कायद्यात ते कलम २८ म्हणून राहिलं. महाराष्ट्राने ग्रामवनांचे नियम केले २०१४ ला. शंभरावर वर्षं ते कलम तिथेच होतं, इंग्रज गेले, आपलं सरकार आलं, तरी कुणी ते वापरायची घाई केली नाही. कुमाऊंमध्ये १९३१ ला वनपंचायतींचे नियम झाले ते सुद्धा लोकांनी जंगलं पेटवून आंदोलन केल्यावर. हे सगळं एका जर्मन माणसाच्या माथी कसं मारायचं? त्याने दार ठेवलं होतं, ते बंद आपल्या लोकांनी ठेवलं.

मोहफूल

२०१४ चे नियम आले तेव्हा आमच्याकडच्या ग्रामसभांनी विरोध केला होता, कारण २००६ चा वनहक्क कायदा आधीच होता आणि त्यात हक्क आहे, कलम २८ मध्ये सरकार देतं आणि सरकारच परत घेऊ शकतं. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ ला साधारण १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने स्वतःच्या सहीने द्यायला सुरुवात केली. त्यात ब्रँडिसचं दार कुणी उघडलं नाही. लोक वर्षानुवर्षं बसून अभ्यास करत होते, दारू बंद केली, तोड अडवली, मग कायद्यासाठी भांडले.

आणि हो, मेंढ्याचे लोक पण मोजतात. बांबू किती काढायचा, किती ठेवायचा, सगळं ग्रामसभेत ठरतं. मोजण्याला कुणाचाच विरोध नाही.

आडरान

हेच म्हणायचं होतं मला, मोहफूलने नीट मांडलं.

रेंजवाला

आम्हाला ट्रेनिंगला ब्रँडिसचा सर्व्हे शिकवला, घेराचे वर्ग, २४ वर्षांचा हिशोब, सगळं पाठ होतं. ग्रामवनांबद्दल तो काय म्हणत होता, बेडन-पॉवेलशी काय वाद झाला, यातलं एक अक्षर नाही. हे मला इथे या वयात कळतंय याचं वाईट वाटतं. नवीन पोरं भरती होतात त्यांना तरी हे आधी शिकवा.

आडरान

शिकवा, पण नुसता ब्रँडिस विरुद्ध बेडन-पॉवेल नको, ते दोघंही खुर्चीतलेच. सार्वजनिक सभेचा अर्ज आणि ठाण्याच्या राबवाल्यांचं गाऱ्हाणं पण त्याच तासाला वाचायला द्या. घाटवाट, त्या १८८७ च्या अहवालातला राबावरचा भाग तुमच्याकडे असेल तर इथे टाका, मला पूर्ण वाचायचाय.