मदत हवी आहे: कॅम्परमधला फ्रिज रात्री बंद पडतोय, बॅटरी फुल असूनही

चाकावरचं घर:
ट्रॅव्हलरचं कॅम्पर करून घेतलंय, आतला १२ व्होल्टचा फ्रिज रात्री आपोआप बंद पडतो आणि लाल लाईट लुकलुकत राहतो. बॅटरी नवीन आहे, मीटर १२.५ दाखवतो, तेव्हा बॅटरी बदला असं प्लीज कोणी सांगू नका. गाडी चालू असली की मस्त चालतो. ज्याने काम केलं तो फोन उचलत नाही. शनिवारी सासऱ्यांना घेऊन भंडारदऱ्याला निघायचंय, त्यांचं इन्सुलिन असणार फ्रिजमध्ये, लवकर सांगा.

शेवटचा गिअर:
लिथियम बॅटरी टाका, विषय संपला. मी टाकल्यापासून मागे वळून पाहिलं नाही.

टूलबॉक्स_अंबड:
अहो त्यांनी बॅटरी सोडून बोला म्हटलंय ना! आणि लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली तर अल्टरनेटर तापून बसतो, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, त्याचा खर्च कोण सांगणार?
ताई, बॅटरी कुठली, किती एएच, फ्रिजपासून किती लांब? वायर किती एमएमची? आणि १२.५ कुठे मोजलं, बॅटरीवर की फ्रिजपाशी?

चाकावरचं घर:
ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडच, १५० एएच. ड्रायव्हर सीटमागे आहे, फ्रिज पार मागच्या दाराशी. वायर पॅनलच्या आत गेलीय, कशी बघू? मीटर बॅटरीजवळच लावलाय.

गंगापूररोडकर:
आरटीओची परवानगी घेतलीत का? मोटार वाहन कायदा कलम ५२, गाडीत बदल करायचा तर मंजुरी लागते. नंतर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

चाकावरचं घर:
घेतलीय हो. फ्रिजचं बोला.

सह्यभटक्या:
आम्ही बारा महिने थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन फिरतो, फ्रिज हवाय कशाला? आणि पावसाळा आलाय, छताच्या व्हेंटभोवती ब्यूटाइल टेप लावून घ्या. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन बसत नाही, आधी खरवडून काढावं लागतं, माझं पहिल्याच पावसात घोटीजवळ गळायला लागलं होतं.

नाशिकची आत्या:
इन्सुलिन बर्फाला टेकवू नका, गोठलं की वाया जातं! न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत ठेवायचं. वापरातलं पेन काही दिवस बाहेर चालतं, पण किती दिवस ते पाकिटावर बघा, आणि उन्हात तापलेल्या गाडीत नकोच.

टूलबॉक्स_अंबड:
ताई, गाडी चालू असताना चालतो यातच उत्तर आहे. तेव्हा लाईनला १४ च्या आसपास मिळतात, वाटेत एखादा व्होल्ट गेला तरी फ्रिजला भरपूर उरतात. रात्री बॅटरी १२.३ वर, त्यातून तेवढाच गेला की ११ च्या घरात, मग फ्रिजचा कटऑफ लागतो, म्हणजे व्होल्ट कमी पडले की तो स्वतःच बंद होतो. म्हणजे बॅटरी नाही, वाट खराब आहे. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टीमीटर फ्रिजच्या प्लगपाशी लावा. आणि प्लग कसला आहे, सिगारेट सॉकेटचा?

चाकावरचं घर:
हो, फ्रिजसोबत आलेला तोच. आत्ता मोजलं: बॅटरीवर १२.३, फ्रिजपाशी कॉम्प्रेसर सुरू झाला की १०.९. प्लग काढला तर टोकाची पिन तपकिरी झालीय, प्लॅस्टिक मऊ पडलंय, हात लावला तर चटका बसला!!

टूलबॉक्स_अंबड:
तो प्लग आता परत घालू नका. सॉकेटची स्प्रिंग ढिली असणार, आणि वायर बहुतेक १ एमएमची. जाऊन-येऊन १२ मीटर धरले आणि ५ अँपिअर करंट, तर १ एमएमच्या वायरीतच एक व्होल्ट जातो. ६ एमएमची टाकली की ०.२ वर येतं. बॅटरीपासून वेगळी लाईन ओढा, सॉकेट काढून टाका, वायरीच्या टोकाचे लग नीट दाबून क्रिम्प करा, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

शेवटचा गिअर:
६ जास्त होते, ४ पुरे. आणि फ्रिजवर कटऑफ किती व्होल्टला लागावा याचं एच-एम-एल (हाय-मीडियम-लो) सेटिंग असेल तर एल करा, फुकटात काम होईल.

टूलबॉक्स_अंबड:
एल करून प्लग थंड होणार आहे का? आणि लेड-ॲसिड तेवढी खाली गेली तर तीच मरेल. वायर आधी.

चाकावरचं घर:
ठीक. उद्या सकाळी सातपूरला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेते. ४ सांगू की ६?

टूलबॉक्स_अंबड:
६. जुनी लाईन बॅटरीच्या बाजूने सोडवून घ्या, नाहीतर तो नुसतं टोक टेप मारून पॅनलमध्ये ढकलून देईल.

गंगापूररोडकर:
आरसीवर नोंद झालीय ना पण?