‘आपला वाडा’ प्लॉटधारक ग्रुप, बडोदा

बी-३०४: वाड्याचं बिल परत अडकलंय म्हणे? परवापासून गरबा. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातला चौकच बंद पडला तर काय सुरसागरच्या कट्ट्यावर नाचायचं?

ए-१०२ (खजिनदार): खरं आहे. जागेचं महिन्याचं बिल, २२९ डॉलर, कार्डावरून गेलं नाही. जून २०२२पासून आपोआप कापायची मर्यादा १५,००० रुपये आहे, त्यावर दर वेळी ओटीपी लागतो. आपलं बिल त्याहून बरंच जास्त, वर परदेशी चलनावरचा बँकेचा मार्कअप. दर महिन्याला हेच होणार.

सी-४०१: पैसे कुणाच्या कार्डावरून जावेत याचा सभेत ठराव झाला होता का? 🙏

ए-२०३: आबा बोलतोय. ठराव हवा तेवढा करा रे, सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबच्या लेखी रीजनचा, म्हणजे आपल्या अख्ख्या जागेचा, मालक एकच खातं. पंचायत, निवडणूक, नियमावली सगळं चौकापुरतं. ते खातं थकलं की वाडा गेला. २००४मध्ये तिथल्याच नॉयआल्टेनबर्ग नावाच्या वस्तीवाल्यांनी निवडून आलेली सभा वगैरे केलीच होती, पण जागेचं भाडं कुणाला चुकलंय?

डी-१०१: आबा, मुद्द्यावर या ना. पैसे कोणी भरले नाहीत, नावं टाका.

ए-१०२ (खजिनदार): नावं टाकणार नाही, तिघं आहेत. चूक हिशेबातच आहे. ६५,५३६ चौरस मीटरपैकी चौथाई चौक, रस्ते, देऊळ. उरले ४,०९६चे बारा प्लॉट. आपण २२९ला १२ने भागलं, १९ डॉलर. एक जरी थकला की खड्डा. दहा जणांनी भरलं तरी भागेल असं भाडं हवं: ६,२५० लिंडन (तिथलं चलन). साधारण २५० लिंडनला डॉलर धरला तर दहा जणांचे २५० डॉलर होतात, विक्रीचं कमिशन त्यातूनच जाईल.

बी-३०४: आणि कार्ड?

ए-१०२ (खजिनदार): लिंडन विकून मालक-खात्यात डॉलर शिल्लक ठेवायचे. बिल आधी तिथून वळतं, कार्डाला हात लागत नाही. दोन महिन्यांची शिल्लक कायम हवी.

सी-४०१: ठराव?? (परत विचारतोय)

बी-२०२: भाडं वाढवण्याआधी डी-१०१ यांचं कारंजं बघा. रीजनचे २०,००० प्रिम (वस्तू ठेवायची मर्यादा) चौक-रस्ते धरून सोळा हिश्श्यांत वाटले की प्लॉटला १,२५०. त्यांचे १,५९०.

डी-१०१: कारंजं सगळ्यांना आवडतं, फोटो काढता तेव्हा चालतं!

बी-२०२: फोटो काढतो, पण चौकात समया ठेवायला जागा उरत नाही. रीजन भरलं की नवीन काहीच ठेवता येत नाही, ताई.

ए-२०३: सेव-उसळ घालून दोघांना एका टेबलावर बसवा कुणीतरी.

ए-१०२ (खजिनदार): महत्त्वाचं. देवळाजवळची जुनी भाडेपेटी ग्रुपच्या नावावर आहे. तिच्यात टाकलेले पैसे खजिन्यात येत नाहीत, वाटपाचा अधिकार असलेल्या सगळ्या सदस्यांत समान वाटले जातात. तो अधिकार आपण सुरुवातीला बाराही जणांना देऊन बसलो. आज काढते. नवी पेटी चौकात, लाल, खजिनदार-खात्याची. तिथेच भरा.

डी-१०१: कारंजं उचललं. १,२१०. झालं समाधान?

बी-२०२: आभारी आहे 🙏

सी-४०१: ठराव रविवारच्या सभेत घ्या, मी अनुमोदन देतो. तोवर भरणार नाही.

बी-३०४: मी भरले ६,२५०!

ए-१०२ (खजिनदार): लाल पेटीत ना?

बी-३०४: देवळाजवळच्या...

ए-२०३: वा. प्रत्येकाला ५२० मिळणार. सी-४०१, तुम्हालाही हं.