घरकाम हाच व्यायाम, मग साठीनंतर वेगळं चालायचं कशाला? (चर्चा)

सोनचाफा :
आई ६७ वर्षांची. गेल्या महिन्यात बीपी पाहिलं तर वरचा आकडा १६०, खालचा ७८. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "पहाटे पाचपासून पायावर उभी असते मी. आणखी किती चालू?" मला उत्तर सुचलं नाही, पण तिचं म्हणणंही पटलं नाही.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं. हे संप्रेरक धमनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतं आणि त्या वायूमुळे धमनी सैल होते. ती मदत कमी झाली, त्यात वय वाढलं, की धमनी ताठर होते. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो. आईचं नेमकं हेच झालंय. पोटावरची चरबी वेगळीच. ती सतत दाह वाढवणारी रसायनं सोडते, त्यामुळे रक्तात सीआरपी, म्हणजे दाहाची खूण असलेलं प्रथिन, वाढतं. आई ओट्याशी चार तास उभी असते, पण तिला एकदाही धाप लागत नाही. हृदयाला आणि मोठ्या स्नायूंना जे काम पडायला हवं, ते यात पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तिने चाललंच पाहिजे.

रानवाट :
पूर्ण असहमत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात घरातली कामंही शारीरिक हालचालीत धरली आहेत. आमच्याकडे माझ्या सासूबाई विहिरीचं पाणी भरतात, अंगण झाडतात, गोधड्या हाताने धुतात. पिळलेली ओली गोधडी उचलून दोरीवर टाकून बघा, धाप लागते की नाही! बायांच्या कष्टांना आधी मजुरी नाही, आता व्यायाम म्हणूनही किंमत नाही.

सोनचाफा :
रानवाटताई, गोधडीचं मान्य. मी सरसकट लिहायला नको होतं. पण शहरात धुणं मशीनमध्ये जातं, पाणी नळाला येतं. उरतं ते नुसतं उभं राहणं. त्याच सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगितली आहे, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पोळ्या लाटताना आई अख्खा हरिपाठ म्हणते.

पिंपळपान :
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझा आक्षेप वेगळा आहे. चाललं की धमन्या पुन्हा लवचिक होतात, असं बायकांना छातीठोक सांगू नका.

धमनीचं अस्तर तपासायची एक पद्धत आहे. हातावर पट्टा पाच मिनिटं करकचून आवळतात, मग एकदम सोडतात आणि रक्ताचा लोंढा आल्यावर धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीत मोजतात. व्यायाम करणाऱ्या वयस्क पुरुषांमध्ये हे रुंदावणं सुधारलेलं दिसतं. बायकांचं तसं सरळ नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पाळी गेलेल्या बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाबरोबर इस्ट्रोजेन दिलेल्यांची धमनी सुधारली, पण व्यायामाबरोबर नुसता प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेला दिखाऊ डोस, मिळालेल्यांची सुधारली नाही.

रानवाट :
मग गोळ्याच घ्यायच्या का संप्रेरकांच्या?

पिंपळपान :
हृदयासाठी म्हणून नाही. २००२ मध्ये अमेरिकेत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं एकत्र देण्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग वाढला होता आणि हृदयविकार कमी झालेच नव्हते. म्हणून तर मला सोपी आश्वासनं आवडत नाहीत.

सोनचाफा :
धमनीच्या त्या एका चाचणीवर सगळं तोलू नका, मॅडम. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. तोच स्नायू व्यायामाच्या वेळी इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन सोडतो आणि त्यामागून दाह शमवणारी रसायनं वाढतात. पोट कमी होतं, बीपी थोडं उतरतं. अमेरिकेतल्या सुमारे १७,००० बायकांचा, सरासरी वय ७२, अभ्यास २०१९ मध्ये आला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते आणि ७,५०० च्या आसपास फायदा थबकला. दहा हजारांचा धोशा नको, एवढं तरी आईला सांगता येईल.

पिंपळपान :
तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. जिची तब्येत मुळात बरी, ती जास्त चालते. बीपी, साखर आणि दाहाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. चालू द्या त्यांना, फक्त गोळी सोडू देऊ नका.

तुळशीवृंदावन :
मी ७१ वर्षांची. गुडघे दोन्ही गेलेत, तुमचा अर्धा तास मला जमत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीने खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला शिकवलं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं, आता बारा वेळा जमतं. धमन्यांचं मला कळत नाही. न्हाणीघरातल्या पाटावरून सुनेला हाक न मारता उठते.

रानवाट :
आजी, हे वाचून बरं वाटलं. सोनचाफा, तुझी आई चालायला गेली तर सकाळचा स्वयंपाक कोण करणार, ते तू धाग्यात कुठेच लिहिलं नाहीस.

सोनचाफा :
खरंय. कालपासून कुकर बाबा लावतात, पोळ्या मी करते. आई साडेसहाला निघते, शेजारच्या काकू सोबत असतात. साडीवर बूट घालायला ती अजून तयार नाही, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या. काल मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. चढावर काकूंशी बोलता येईना, म्हणाली.