४८६ कॉम्प्युटरवर साल २०२६ टाकलं की २०९४ होतंय, काय करू?

सातारकर:
नमस्कार मंडळी, बाबांचा जुना ४८६ परत चालू केलाय, अवॉर्ड कंपनीचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आहे, चालू होताना त्या बायोसची १९९४ ची तारीख दिसते. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, फॉक्सप्रो या डेटाबेस भाषेत बाबांनी स्वतः लिहिलेलं उधारीच्या हिशोबाचं पॅकेज अजून चालतंय, बघून इतका आनंद झाला. पण बायोसच्या सेटअपमध्ये साल १९९९ च्या पुढे जात नाही आणि डॉसमधून २०२६ टाकलं तर रीस्टार्टनंतर २०९४, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला ६८ वर्षांचं जास्तीचं व्याज लागतंय. सेल नवीन टाकला तरी तेच. घड्याळाची चिप गेलीय का?

खटपट्या:
चिप ठणठणीत आहे, दोष बायोसचा. चिपमध्ये सालाचे फक्त शेवटचे दोन आकडे असतात, शतक बायोस वेगळ्या बाइटमध्ये ठेवतो. एप्रिल १९९४ ते मे १९९५ मधल्या बहुतेक अवॉर्ड बायोसना १९९९ नंतरचं साल झेपतच नाही, ९४ पेक्षा कमी आकडा दिला की ९४च लिहितात. ऑटोएक्झेक बॅटमध्ये (डॉस सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) नुसती डेट कमांड टाका, दर वेळी तारीख विचारेल आणि एकदा टाकली की मशीन बंद किंवा रीस्टार्ट करेपर्यंत डॉस स्वतःच दिवस मोजतो. आधी महिना मग दिवस हां, १४-०३ असं टाकलं तर इनव्हॅलिड डेट येईल.

जुनी_मशीन:
फक्त वार बरोबर हवा असेल तर २८ वर्षं मागे जा, १९९८ चं कॅलेंडर २०२६ ला तंतोतंत जुळतं. पण व्याजाच्या हिशोबाला हे चालणार नाही, आणि २०२७ पर्यंतच पुरेल, २०२८ ला १९९९ च्या पुढचं साल लागणार म्हणजे परत तोच घोळ.

पेंग्विनवाला:
याच बायोससाठी लिनक्सच्या जुन्या एचडब्ल्यूक्लॉकमध्ये (चिपमधलं घड्याळ वाचायची-लावायची कमांड) बॅडइयर नावाचा ऑप्शन होता, तो चिपमधलं साल सोडून देतो आणि मागच्या वेळी घड्याळ लावल्याची तारीख ज्या फाइलमध्ये असते तिच्यावरून साल काढतो, मात्र वर्षातून एकदा तरी घड्याळ लावलेलं पाहिजे. तुमचं डॉस आहे म्हणून खटपट्या सांगतायत तेच करा.

सातारकर:
डेट टाकली, चालतंय! पण काल बाबांनी तारीख न टाकता नुसतं एंटर दाबलं आणि दोन एंट्र्या २०९४ च्या पडल्या.

खटपट्या:
पॅकेजचा सोर्स कोड असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीलाच साल २०९० च्या वर असेल तर मेसेज देऊन बाहेर पड अशी अट घाला, आणि आधी डेटाची कॉपी काढून ठेवा.

सातारकर:
सोर्स आहे, बाबा म्हणतात अट मीच लिहितो, बसलेत कीबोर्डसमोर.