विषय: दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ

नमस्कार मंडळी,
प्रवासाच्या पत्रकात दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ टाकायची आहे. एका साइटवर 350 किमी, 42 मिनिटं. तिकिटावर 1 तास 15 मिनिटं. हाताने काढलं तर 475 किमी! अक्षांश 45°30′ आणि 47°00′, रेखांशात 4 अंशांचा फरक. चुकतंय कुठे?

*

उत्तर:
475 चं कारण सोपं आहे, रेखांशाचा अंश विषुववृत्तावरचा धरलाय. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण 60 नॉटिकल मैल. रेखांशाचा मात्र ध्रुवाकडे जाताना आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. इथे 46.25 अंशांचं कोसाइन 0.69. उत्तर-दक्षिण 90 मैल, पूर्व-पश्चिम 4 × 60 × 0.69 म्हणजे 166. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ 189 नॉटिकल मैल. गुणिले 1.852, झाले 350 किमी. साइट बरोबर आहे.

एवढ्या अंतराला हे पुरतं. हजारो किमी असेल तर हॅवरसाइन सूत्र (गोलावरचं अंतर काढायचं) घ्या, आणि स्प्रेडशीटमध्ये आधी अंशांचे रेडियन करा, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

खरी लबाड चूक वेगळीच: 45°30′ हे 45.30 असं टाकणं. 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश, 45.5. या चुकीने विमानतळ 12 मैल दक्षिणेला सरकतो, पण अंतर 189 चं जेमतेम 195 होतं. त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

*

उत्तर:
वेळेचं मी लिहिते. 42 मिनिटं म्हणजे 189 भागिले 270 नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल). एटीआर 72 सारख्या टर्बोप्रॉपचा (पंख्याच्या विमानाचा) वर पोचल्यावरचा वेग साधारण एवढा. पण चढताना तो मिळत नाही, शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. उतरायचं वाऱ्याच्या तोंडाला. धावपट्टीचं ते टोक पलीकडे असलं की वळसा आलाच. याची 15 मिनिटं धरा. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा. दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर जागा ते धावपट्टी चालतं त्याची, मिळून 10 मिनिटं, वर वेळापत्रकातली थोडी ढील. झाली 75.

जेट असलं तरी वेळ निम्मा होत नाही. उतरताना दर हजार फुटांमागे सुमारे 3 मैल लागतात. 30,000 फुटांवर गेलं तर 90 मैल आधीच उतरायला लागायचं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वाटेतच. म्हणून इतक्या जवळच्या फेरीला ते खालच्या उंचीवरूनच जातं.

*

उत्तर:
आभार! मग परतीची वेळ कमी का?

*

उत्तर:
वारा. समोरून 40 नॉट असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग 230, लागतात 49 मिनिटं. तोच वारा पाठीशी आला की 310, म्हणजे 37. जाताना 7 गेली, येताना 5 मिळाली; वारा घेतो तेवढं परत देत नाही. आणि तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. मध्ये वेळपट्टा बदलत असेल तर आधी दोन्ही यूटीसीत (जगाच्या सामायिक वेळेत) आणा, मग वजाबाकी.

पत्रकात "हवाई अंतर 350 किमी" आणि "तिकिटावरची वेळ 1 तास 15 मिनिटं" वेगवेगळ्या ओळींत लिहा. एका ओळीत दिलंत की कुणीतरी भागाकार करून विमान ताशी 280 किमीने चालतं असं कळवणारच.