अकरा वेळा आमदार: गणपतराव देशमुखांचं कौतुक नेमकं कशाचं?

पेठेतला_शंकासूर
३० जुलै, म्हणजे पुण्यतिथी, आली की गणपतराव देशमुखांचे तेच ते फॉरवर्ड सुरू होतात. एसटीने फिरणारा आमदार, आयुष्यभर एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप), एकच मतदारसंघ, अकरा विजय. माणूस स्वच्छ होता, त्यावर वाद घालायला मी इथे आलेलो नाही.
पण हिशेब मांडा की. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ ला पुन्हा पडले, ९९ ला पुन्हा आले आणि २०१९ ला स्वतःहून थांबले. पन्नासएक वर्षांची आमदारकी! एवढ्या काळात मंत्रिपद दोनदाच, तेही पुरती पाच वर्षं नाही. कृष्णेचं पाणी तालुक्याला लागता लागता अर्धं शतक गेलं. याच माणसाने साखर कारखाना काढून चार पिढ्यांची सोय केली असती तर आपणच त्याला साखरसम्राट म्हणून हिणवलं असतं, हे मान्य. तरी केवळ टिकून राहणं ही कामगिरी कशी, ते कुणीतरी सांगा.

माणदेशी_गडी
शंकासूर, सांगोला कधी बघितलाय का? पंढरपूरला जाताना बसच्या खिडकीतून बघितलेला धरायचा नाही.
विरोधी बाकावरच्या आमदाराला निधी कसा मिळतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. आबासाहेबांनी, म्हणजे गणपतरावांनी, बहुतेक हयात तिथेच बसून काढली. १९७७ ला काही काळ विरोधी पक्षनेते होते. काँग्रेसमध्ये गेले असते तर लाल दिवा कायमचा दारात उभा राहिला असता. गेले नाहीत.
कारखान्याचं म्हणाल तर सूतगिरणी बघा. आमच्याकडं कापूस पिकत नाही, तरी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. त्यानंतर बायकांची वेगळी सूतगिरणी. कापूस पिकणाऱ्या जिल्ह्यांतल्या किती गिरण्यांना टाळी लागली, ते विदर्भातल्या माणसाला विचारा. ऊस लावा म्हणून मत मागणारे तेव्हाही होते. ज्या तालुक्यात प्यायला टँकर, तिथे ऊस लावायला सांगणं म्हणजे निव्वळ फसवणूक. त्याऐवजी डाळिंब आलं. रोजगार हमीतून फळबाग योजना निघाली आणि अजनाळ्यासारख्या गावाची ओळखच बदलली.

आकडेमोड्या
आधी एक खोटं फॉरवर्ड निकालात काढतो: 'देशात सर्वाधिक वेळा आमदार'. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले. केरळात के. एम. मणी एकट्या पालातून तेरा वेळा, ओमन चंडी पुतुपल्लीतून बारा वेळा. गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्रापुरता, आणि तो तेवढाही पुष्कळ आहे.
मला त्यांच्या विजयांपेक्षा ९५ चा पराभव बोलका वाटतो. शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले. एवढ्या थोडक्यात पडल्यावर कितीजण दुसऱ्या पक्षाचं दार ठोठावत नाहीत? हे सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, तरी शेकापच्या त्याच खटारा चिन्हावर ९९ ला पुन्हा उभे राहिले.

सत्तरीकर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे प्रतापसिंह राणे १९७२ पासून सलग अकरा वेळा निवडून आले, एकदाही पडले नाहीत, आणि त्यातली कितीतरी वर्षं मुख्यमंत्री. २०२२ ला सरकारने त्यांना आजन्म कॅबिनेट दर्जा दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून सांगतो, नुसते अकरा हा आकडा धरून काही कळत नाही. सत्तेत राहून अकरा वेळा आणि सत्तेबाहेर राहून अकरा वेळा, या दोन वेगळ्या कसरती आहेत. मात्र आमच्याकडेही पुढची पिढी घरातलीच निघाली, हे आधीच सांगून टाकतो.

पेठेतला_शंकासूर
@माणदेशी_गडी, सूतगिरणी मान्य. डाळिंबाचं श्रेय मात्र वाटून घ्या. फळबाग योजना राज्यभर होती, आणि रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. आता तेल्या रोगाने आणि खोडकिड्याने डाळिंबाच्या बागा काढाव्या लागतायत, त्याचं खापर मी आमदारावर फोडत नाही, तसं पिकल्याचं सगळं श्रेयही एकट्याला देणार नाही.
पाण्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत.

कृष्णाकाठ
पाण्याचं मी सांगतो, कारण सांगोल्याला पाणी देणारी टेंभू उपसा योजना आमच्या कराडजवळ सुरू होते.
टेंभूला कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवायचं. वाटेत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ. सांगोला पार शेवटाला. काम सुरू झालं १९९६ च्या सुमाराला, कृष्णा खोरे महामंडळ निघालं तेव्हा. त्याआधी ही योजना कागदावर तरी यावी म्हणून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरायच्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव शेजारी शेजारी बसलेले असायचे. अण्णा गेल्यावरही गणपतराव येत राहिले. ठराव तेच, मागण्या त्याच, समोर डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं. आमच्याकडच्या बागायतदारांना तेव्हा ही कटकट वाटायची, स्पष्टच लिहितो. आमच्या भागाला मंत्री होते, कारखाने होते. शेवटाच्या तालुक्याकडे ओरडणाऱ्या आमदाराशिवाय दुसरं काही नव्हतं.
उशीर झाला हे खरं. पण त्याचा जाब विचारायचा तर मंत्रालयात विचारा, सांगोल्यात नको.

दुष्काळी_बाई
सगळे पाण्यावर आणि साधेपणावर बोलतायत. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे.
१९६२ पासून आजवर सांगोल्याला आमदार किती झाले? चार. आबासाहेब, ७२ ते ७४ मधले एक, शहाजीबापू, आणि २०२४ पासून आबासाहेबांचे एक नातू. चारही पुरुष. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं म्हणून गावात बाई खुर्चीवर तरी दिसते. विधानसभेची खुर्ची एकाच माणसाखाली पन्नास वर्षं. तो भला होता म्हणून काय झालं? महिला सूतगिरणी काढली, छान केलं. पण तिकडे काम करणाऱ्या शेकडो बायकांतून एक उमेदवार उभी करावीशी वाटली नाही? २०१९ ला ते थांबले तेव्हा पक्षाला अख्ख्या तालुक्यात शेवटी त्यांचा दुसरा नातूच सापडला. तो ७६८ मतांनी पडला. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

माणदेशी_गडी
ताई, नात्याच्या राजकारणाचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण 'खुर्ची एका माणसाखाली' असं म्हणताना मतदारांना वगळू नका. आम्ही दोनदा पाडलंय त्यांना. मूळचे ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला इकडं आले. आम्हाला वाटलं म्हणून निवडलं.

आकडेमोड्या
आणि २०२४ विसरू नका. महाविकास आघाडीने शेकापला जागा सोडली नाही, ठाकरेंच्या सेनेचा उमेदवार समोर होता, 'काय झाडी, काय डोंगार' वाले शहाजीबापूही होते. तरी दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. राज्यात शेकापला तेवढी एकच जागा मिळाली.

पेठेतला_शंकासूर
हेच तर मी म्हणतोय! शेतकरी-कामगारांचा म्हणवणारा पक्ष, एके काळी विधानसभेतला प्रमुख विरोधी पक्ष, आणि आता एका तालुक्यात, एका घरात उरलेला. २००२ ला रायगडातलं राष्ट्रवादीशी भांडण पेटलं, पक्ष काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडला आणि गणपतरावांनी मुकाट्याने मंत्रिपद सोडलं. तेव्हा पक्षनिष्ठा म्हणून टाळ्या पडल्या. त्या पक्षात नवी माणसं आणायचं काम कुणाचं होतं?

दुष्काळी_बाई
ते काम त्यांचं होतं. पण शंकासूर, तुम्ही एकदा तरी शेकापला मत दिलंय का? मी दिलंय, दर वेळी, आणि म्हणून भांडतेय. पुढच्या वेळी नातवाकडे उमेदवारीतला वाटा मागायला आम्ही जाणारच आहोत.